सीमाच्या मानेची फाईल

४ जून १९९७, बुधवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. एकोणीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे लिहिले, आता थोडे स्वतःसाठी. संकल्प: पहाटे पाचला उठणे (आज साडेपाच, पहिला दिवस म्हणून चालेल). भिस्तबागेपर्यंत चालणे. चिडचिड बंद. रोज एक तास फक्त घरासाठी.

घर म्हणजे मी आणि सीमा. मुलगी अश्विनी हॉस्टेलवर असते. सीमा घरीच ब्लाउज शिवते. नगरच्या या सावेडी भागात तिच्या हाताला नाव आहे.

संध्याकाळी: चाललो नाही. ऑफिसात आवक-जावक रजिस्टरचा विनोद सांगितला. अख्खं सेक्शन हसलं, कानिफनाथ तर टेबलावर डोकं ठेवून. घरी येऊन तोच सीमाला सांगितला. तिने शेवट ऐकून दोन्ही हातांनी मान मागून धरली आणि आत निघून गेली. अठरा वर्षांच्या संसारात विनोदाची ही कदर. वाईट वाटलं.

७ जून

सकाळी चहाचा कप फुटला. या महिन्यातला तिसरा, आणि महिना सात दिवसांचाच झालाय. सीमा म्हणाली, हातातून सुटला. मी म्हटलं, सुटत नसतो, सोडावा लागतो. वाक्य चांगलं जमलं म्हणून इथे लिहून ठेवतो.

११ जून

जेवताना तिला रोज ठसका लागतो. पाणी पितानासुद्धा. सावकाश जेवायची सवय नाही. तसं बोललो.

घोरणंही वाढलंय. मध्येच एकदम थांबतं, अगदी शांत वाटतं, आणि मग हिसका देऊन पुन्हा सुरू. कालपासून मी गादी हॉलमध्ये टाकली. झोप उत्तम लागली. पाचला उठायला याचा फायदा होईल.

१५ जून, रविवार

शेजारच्या आरतीवहिनींचा लग्नात घालायचा ब्लाउज. त्यावर रक्ताचे ठिपके. सुई बोटात अर्धी गेलेली आणि बाईसाहेबांना पत्ता नाही, आरतीवहिनींनीच दाखवली. मी त्यांच्यासमोर विचारलं, लक्ष कुठं असतं तुझं? सीमाने सुई ओढून काढली. आरतीवहिनींनी तिचा हात नळाखाली धरला. चिडचिडीचा संकल्प आज मोडला, पण कारण सबळ होतं.

२२ जून

भाकरी करताना सीमाची दोन बोटं तव्याला टेकलेली. वास मला आला तेव्हा मी ओरडलो, ती नाही. फोड आले तरी हूं की चूं नाही. सहनशक्ती वाखाणण्याजोगी. उद्या ऑफिसात सांगणार आहे.

२ जुलै

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तिच्या बोटांना टाचणी टोचून पाहिली. डोळे मिटायला सांगून परत टोचली. मग मला म्हणाले, पुण्याला नेऊन मानेचा एमआरआय करा, वेळ लावू नका. मी लगेच होकार दिला. ऑडिट संपलं की निघायचं.

५ जुलै

ऑडिट लांबलं. सीमाचा भाऊ सोपान पारनेरहून आला आणि तिला एसटीने घेऊन गेला. मी स्टँडपर्यंत सोडायला गेलो होतो. गर्दीत घुसून दोघांना जागा मिळवून दिली. घरासाठी एक तास हा संकल्प आज पूर्ण.

९ जुलै

दोघं परत. मोठ्या पाकिटात फिल्म. आजाराचं नाव कियारी. सर्जननी सोपानला समजावलं ते असं: लहान मेंदूचं खालचं टोक कवटीच्या तळाच्या भोकातून मानेत उतरलंय. तिथे दाटी झाल्यामुळे मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडते. मानेतल्या मज्जारज्जूत त्यामुळे पाण्याची पोकळी झालीय, म्हणून बोटांना टोचलेलं, भाजलेलं कळत नाही. आणि खोकलं, शिंकलं, हसलं की दाब वाढून मानेतून डोक्यात कळ जाते.

हसलं की.

म्हणजे इतकी वर्षं तिला हसू येत होतं, ती दाबत होती. माझे विनोद चांगलेच होते, हे वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झालं.

नंतर: वरचं वाक्य लिहायला नको होतं. खोडत नाही, खाडाखोड केलेला कागद आपल्याला चालत नाही. पण लाज वाटली. ती आत कपाळाला हात लावून बसलीय आणि मी इथे हे लिहितोय.

१० जुलै

ऑपरेशन लागेल. मागून कवटीचं थोडं हाड काढून जागा मोकळी करतात. मात्र त्याआधी जोडीला दुसरं काही आहे का ते तपासा, म्हणजे ऑपरेशन कसं करायचं ते ठरवता येईल, असं सर्जननी सांगितलंय. चिठ्ठीवर चार कलमं. पूर्ण पाठीचा एमआरआय. मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे, सांधा डळमळीत नाही ना त्यासाठी. डोळ्यांच्या मागचा पडदा, कारण डोक्यात पाण्याचा दाब असला तर तिथे दिसतो. आणि चौथं, नवऱ्याने पंधरा दिवस लक्ष ठेवून लिहून आणावं: घास-पाणी गिळताना अडकतं का, झोपेत श्वास थांबतो का, हातातून वस्तू पडतात का. महिन्याच्या आत या.

चौथं कलम माझ्या नावावर. योग्य माणूस निवडला म्हणायचा.

फाईल उघडली. निळं कव्हर, टॅग, पानांना नंबर. विषय: सौ. सीमा श्रीमंत साळवे यांच्या मानेबाबत.

१४ जुलै

कलम चारसाठी वेगळं रजिस्टर आखलं. लाल आणि निळी शाई. रकाने: दिनांक, वेळ, रुग्णाची स्थिती, शेरा. आजची नोंद: स्थिती ठीक.

ऑपरेशन होईपर्यंत घरात विनोद करायचा नाही, असाही संकल्प केला. त्याग आहे, पण तिच्यासाठी.

१६ जुलै

रजिस्टर: वरीलप्रमाणे. झोपेतल्या श्वासाबाबत काही आढळलं नाही. हॉलमधून ऐकू येत नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारातून एक छोटासाच विनोद केला. तिने लगेच मान धरली. मनातून बरं वाटलं. मग कळलं, फोडणीच्या खकाण्याने ती शिंकली होती. विनोद तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

२१ जुलै

पाठीचा एमआरआय आणि मानेचा एक्स-रे झाला. सोपानच घेऊन गेला. मी सोबत मार्गदर्शनपर चिठ्ठी दिली होती. त्याच वेळी इकडे मी ऑफिसात मेंदूची आकृती काढून सगळ्यांना कियारी समजावून सांगत होतो. कानिफनाथ म्हणाला, तुम्ही डॉक्टरच व्हायला पाहिजे होतं. मग म्हणाला, वहिनींसोबत कोण गेलंय? मी आकृतीत रंग भरायला घेतला.

२७ जुलै, रविवार

डोळ्यांचं नगरलाच झालं. तीन कलमं पूर्ण. पण घाई उपयोगाची नाही. जोडीला काही आहे का हे तपासायचंच तर नीट तपासू. मी यादी वाढवली: दात, थायरॉईड, पोटाची सोनोग्राफी, कान, तळपाय. एकूण एकोणीस बाबी. त्रुटी काढण्यात ऑफिसात माझा हात कोणी धरू शकत नाही. एका बंधाऱ्याची फाईल मी अकरा वेळा परत पाठवली होती. शेवटी जागाच वाहून गेली आणि फाईल आपोआप निकाली निघाली.

सीमा म्हणाली, अहो, दाताचा आणि मानेचा काय संबंध? मी म्हटलं, संबंध नाही हे कळायला तरी तपासायला नको का? गेली बिचारी. एक दाढ काढावी लागली. निघालं ना काहीतरी.

३ ऑगस्ट

सासूबाई सुमनबाई राहायला आल्यात. संध्याकाळी आरतीवहिनींचे मिस्टर रामहरी आले. म्हणाले, साडेसाती असंल, एकदा शिंगणापूरला तेल वाहून या. मी नम्रपणे सांगितलं की आमच्या आजोबांनी छप्पन सालीच दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात साडेसाती नाही की मुहूर्त नाही. आम्ही विज्ञान मानतो. रामहरी म्हणाले, बरं.

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, मुहूर्त बगत न्हाई म्हनता, मंग दिस का धरंना तुमी? रामहरीभाऊ निदान शनवार तरी धरत्यात.

यावर माझ्याकडे उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

१० ऑगस्ट

सर्जननी दिलेला महिना संपला. बाबी एकोणीसपैकी आठ झाल्या, म्हणजे प्रगती आहे. कानिफनाथने नेवाशाकडचा एक माणूस सांगितला. एका हिसक्यात मान बसवतो म्हणे. मानेला हिसका देऊ नका असं सर्जननी बजावलंय. तरी बाब क्र. २० म्हणून फाईलला लावलं, शेरा 'विचाराधीन'. सीमाने ते पान वाचलं, टॅगमधून काढलं आणि त्यावर तांदूळ निवडले.

१७ ऑगस्ट, रविवार

सीमा हल्ली मशीनवर फारशी बसत नाही. आरतीवहिनी येऊन सुईत दोरा ओवून देतात तेव्हा थोडं शिवते. आज कारण विचारलं. म्हणाली, मशीन जड चालतंय. मी ताबडतोब मशीन उघडलं आणि प्रत्येक भोकात तेल घातलं. फरक पडेल.

ही वही आजपासून मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवतोय. तिथे हल्ली कोणी हात घालत नाही.

२४ ऑगस्ट

मशीनवर झाकण. आरतीवहिनींचं कापड सीमाने न शिवता परत दिलं. मी पेपर वाचत होतो. पिशवी तिने डाव्या हाताने दिली, उजव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत. आरतीवहिनी म्हणाल्या, राहू दे ना इथंच, नंतर शीव. सीमा म्हणाली, नंतर कधी?

मशीन जड नव्हतं. चाक बोटाने फिरवून पाहिलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी इथे 'फरक पडेल' लिहिलं.

खरं लिहितो, इथे कोणी वाचत नाही. मला भीती वाटते. ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करायची भीती. एकोणीस वर्षांत मी एकाही फाईलवर 'मान्य' लिहिलेलं नाही. मी 'सादर' लिहितो. मान्य वरचे साहेब लिहितात, आणि काही झालं तर चौकशीला तेच जातात. इथे माझ्या वर कोणी नाही. सही केली आणि सीमाला काही झालं तर ते माझं. सही केली नाही तर तिच्या हाताचं जे होतंय तेही माझंच. हे मला कळतं. कळून महिना झाला.

संकल्प: उद्या सर्जनना फोन.

२५ ऑगस्ट

एसटीडी बूथवर रांग होती.

२६ ऑगस्ट

रांग नव्हती. नंबरची चिठ्ठी घरी राहिली.

२९ ऑगस्ट

नंबर मला पाठ आहे असं लक्षात आलं. पण ऑडिटच्या उत्तरांची मुदत आहे. रजिस्टर: वरीलप्रमाणे.

६ सप्टेंबर

सीमाने बूथवर जाऊन स्वतःच फोन केला. अकरा तारीख मिळाली. मला म्हणाली, सोपान येतोय. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी मी जाणार आहे. हल्ली तिचा आवाज बसलेला असतो, पण हे नीट ऐकू आलं.

अर्थात मी जाणारच. फाईल माझ्याकडे आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार. पुणे, लॉजवर

सर्जननी फाईल दोन्ही हातांनी उचलली. आतून तीनच गोष्टी काढल्या. दाढेचा एक्स-रे मध्ये आला, तो उजेडात धरून पाहिला आणि परत ठेवला. पाठ ठीक. मानेचा सांधा पक्का. डोळ्यांमागे सूज नाही. मग म्हणाले, आणि चौथं?

मी रजिस्टर दिलं. त्यांनी पानं उलटली. स्थिती ठीक. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. अठ्ठावन्न दिवस वरीलप्रमाणे. त्यांनी सरळ विचारलं, झोपेत हिचा श्वास थांबतो का? मी म्हटलं, माहिती घेऊन कळवतो.

तेव्हा सीमाने पिशवीतून ही वही काढून टेबलावर ठेवली.

सर्जन जूनपासून वाचत गेले. समासात पेन्सिलीने खुणा करत, आणि मोठ्याने, कारण ज्युनियर डॉक्टर लिहून घेत होता. चार जून, हसण्याच्या वेळी मानेत कळ. सात जून, पकड कमी. अकरा जून, पाणी गिळताना ठसका, झोपेत श्वास थांबतो. पंधरा, टोचलेलं कळत नाही. बावीस, चटका कळत नाही. म्हणाले, इतकं तारीखवार फार कमी लोक लिहून आणतात. कोणी लिहिलंय? सीमा म्हणाली, यांनीच. माझ्याबद्दलच्या तक्रारी आहेत त्या.

ज्युनियरचं पेन थांबलं. सोपानने माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्याचे उपकार. सुटत नसतो, सोडावा लागतो, हेही वाचलं गेलं होतं. ते चांगलं वाक्य नाही.

सर्जन म्हणाले, श्वासाचं कळलं हे फार बरं झालं, भूल देण्याआधी ते माहीत असावं लागतं. दोन रात्री हिला इथे ठेवून तेवढं पाहू आणि मग ऑपरेशन करू. वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाले, मी जुलैत मागितलं तेव्हा हे सगळं तुमच्याकडे लिहून तयार होतं. बोटांमधलं गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगत नाही. उरलेलं वाचवू.

बाहेर बाकावर सीमाला विचारलं, कधीपासून वाचतेस? म्हणाली, तुम्ही तेल घातलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. बॉबिन शोधायला ड्रॉवर उघडला होता. मी विचारलं, चोवीस ऑगस्टचंही? ती म्हणाली, हो. म्हणून तर फोन मी केला.

१४ सप्टेंबर

फॉर्म आला. तीनदा वाचला. सही करून दिला. सिस्टर परत घेऊन आली. म्हणाली, काका, हे काय लिहिलंय? मी समासात लहान सही करून वर लिहिलं होतं: मा. डॉक्टरसाहेबांच्या आदेशार्थ सादर.

सिस्टर म्हणाली, असं चालत नाही, पूर्ण सही पाहिजे. माझ्या कागदात एकोणीस वर्षांत निघालेली पहिली त्रुटी. पेन धरून बसलो, हात हलेना. सीमाने फॉर्म मागून घेतला. पेन तिच्या बोटांतून दोनदा खाली पडलं. दोन्ही वेळा मी उचलून दिलं, काही बोललो नाही. तिने सही केली, वाकडीतिकडी पण पूर्ण. मग तिच्या खाली मी केली आणि शेजारी 'मान्य' लिहिलं. सिस्टर म्हणाली, ते लिहायची गरज नसते. मी म्हटलं, राहू द्या.

१६ सप्टेंबर

साडेआठला आत नेलं. सीमाने जाताना विचारलं, पेपर आणलाय का वाचायला? आणला होता. एक ओळ वाचली नाही. फाईलमध्ये या दिवसासाठी एकही कागद नाही.

दीड वाजता सर्जन बाहेर आले. व्यवस्थित झालं म्हणाले. सासूबाई रडल्या. सोपानने माझा दंड घट्ट धरला होता, हे मला नंतर कळलं.

३ ऑक्टोबर

घरी. गादी हॉलमधून आत आणली. तिचा श्वास ऐकत पडलो. चालू आहे. रजिस्टर बंद केलं. नवा संकल्प केला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

परवा पुण्याला तपासणी झाली. मी नेलं. पोकळी लहान होतेय. ठसका थांबला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र अजून बधिर, ती तशीच राहतील असं दिसतं. ती दोन माझ्या हिशेबात. खोकायला, शिंकायला, हसायला हरकत नाही, असं सर्जन म्हणाले.

आवक-जावकचा विनोद मी जुलैपासून राखून ठेवला होता. आज जेवणं झाल्यावर सांगितला. समोर सीमा, सासूबाई, आरतीवहिनी. पूर्ण सांगितला, हातवाऱ्यांसह. सासूबाई म्हणाल्या, मंग फुडं काय झालं? आरतीवहिनी पदर नीट करू लागल्या. सीमा ताटं आवरू लागली. मी विचारलं, दुखलं का? नाही म्हणाली. मग दाबलंस? ती म्हणाली, नाही हो, दाबायला आधी यायला तर पाहिजे.

म्हणजे त्याचा आणि आजाराचा काही संबंध नव्हता. बाब क्र. २१, निकाली.

उठून बाहेर एक चक्कर मारून आलो. परत आलो तर सीमा मशीनपाशी. झाकण काढलेलं, आरतीवहिनींचं कापड शेजारी, मांडीवर ही वही उघडी, आणि ती हसत होती. चांगला आवाज करून. सवयीने हात मानेकडे गेला, तिथे थोडा थांबला, कळ आली नाही तसा खाली आला, आणि ती पुन्हा हसली, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. अठरा वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. दारातच उभा राहिलो. मलाही काहीतरी व्हायला लागलं होतं, पण हसू नव्हतं ते.

विचारलं, कुठलं पान? तिने बोट ठेवून दाखवलं. सतरा ऑगस्ट. प्रत्येक भोकात तेल घातलं, फरक पडेल.

तिथे विनोद केलेला नाही. ती नोंद मी पूर्ण गांभीर्याने लिहिली होती.